क्लब बुडण्याआधी: पाठीराख्यांनी आपली संस्था कशी उभी करावी

रेक्सम हे नाव आपल्याकडच्या फुटबॉलवेड्यांना कळलं ते हॉलिवूडच्या दोन नटांमुळे. रायन रेनल्ड्स आणि रॉब मॅकेल्हेनी यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये वेल्समधला हा क्लब घेतला, त्यावर मालिका निघाली आणि २०२३, २०२४, २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षं क्लब वरच्या श्रेणीत चढत गेला. पण त्यांनी घ्यायला तो क्लब शिल्लक होता कुणामुळे? ऑगस्ट २०११ मध्ये लीगने रेक्समकडे अडीच लाख पौंडांची हमी मागितली होती. ती भरली नसती तर क्लबला त्या हंगामात खेळताच आलं नसतं. बातमी गावभर झाली आणि लोक क्लबच्या रेसकोर्स मैदानाकडे धावले. काही तासांत एक लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. घराची कागदपत्रं घेऊन आलेल्या चाहत्याची गोष्ट तिथं अजून सांगतात. त्याच वर्षी पाठीराख्यांच्या ट्रस्टने क्लबचा ताबा घेतला आणि पुढची नऊ-दहा वर्षं तो चालवला. नटांना क्लब विकायचा की नाही, हेही याच ट्रस्टच्या सभासदांनी नोव्हेंबर २०२० मध्ये मतदान करून ठरवलं.

संकटाच्या दिवशी पैसे जमतात. पाठीराखे खिशाकडे न बघता देतात. एका दिवसात उभी राहत नाही ती नोंदणी झालेली संस्था. तिचं स्वतःचं बँक खातं, हिशेब चोख ठेवणारा खजिनदार, आणि मालकासमोर बसून ‘पैसे देतो, पण त्याबदल्यात एवढं लिहून द्या’ असं म्हणू शकणारी दोन-चार खमकी माणसं, ही तयारी आधीच करून ठेवावी लागते. हा लेख त्या तयारीबद्दल आहे. इंग्लंड-वेल्समध्ये राहून आपल्या गावच्या छोट्या क्लबच्या मागे शनिवारी दुपारी उभ्या राहणाऱ्या मराठी मंडळींना यातलं बहुतेक सगळं जसंच्या तसं लागू पडेल. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, गोव्यात ज्यांनी आपले क्लब बंद पडताना पाहिले, त्यांच्यासाठी काय बदलावं लागेल तेही पुढे सांगतो.

नॉर्दम्प्टनची सभा

अशी पहिली संस्था जानेवारी १९९२ मध्ये नॉर्दम्प्टन टाउनच्या पाठीराख्यांनी काढली. नॉर्दम्प्टन हे बूट बनवणाऱ्यांचं गाव, म्हणून क्लबचं टोपणनाव कॉब्लर्स. क्लबवर १६ लाख पौंडांच्या आसपास कर्ज झालं होतं आणि ते नेमकं कशामुळे, हे तिकीट काढून सामना बघणाऱ्यांना कुणी सांगत नव्हतं. म्हणून जाहीर सभा बोलावली. सहाशेहून अधिक लोक आले. ब्रायन लोमॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं दोन उद्देश मांडले. एक, क्लब वाचवायला पैसे उभे करायचे, पण ते त्या वेळच्या कारभाऱ्यांच्या हाती सोपवायचे नाहीत. दोन, पुन्हा ही पाळी येऊ नये म्हणून क्लबच्या कारभारात पाठीराख्यांना प्रतिनिधित्व मिळवायचं. पुढे लोमॅक्स पाठीराख्यांनी निवडून दिलेले संचालक म्हणून क्लबच्या मंडळावर बसले.

तुमच्या संस्थेचे उद्देश लिहायला बसाल तेव्हा हे दोनच लिहा. त्याहून भक्कम पाया मला माहीत नाही. पहिला उद्देश एकटा असला तर संस्था मदतनिधी होऊन बसते आणि मालकाची चूक दर दोन वर्षांनी भरून काढत राहते. दुसरा एकटा असला तर ती नुसती तक्रार करणारी मंडळी ठरते, आणि मालकाला तिच्याशी बोलायची गरज वाटत नाही.

नॉर्दम्प्टनचं बघून इतर गावांनी हाच रस्ता धरला. २००० मध्ये ब्रिटिश सरकारच्या पुढाकाराने सपोर्टर्स डायरेक्ट ही मार्गदर्शक संस्था निघाली, तिचे पहिले प्रमुख लोमॅक्सच होते. २०१८ मध्ये ती फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशनमध्ये विलीन झाली. आज इंग्लंडमध्ये ट्रस्ट काढायचा असेल तर पहिला फोन या असोसिएशनला करायचा. नमुना नियमावली त्यांच्याकडे तयार असते. वकिलाकडून नव्याने लिहून घेण्यात पैसे घालवू नका.

कायद्याने हे ट्रस्ट सहकारी वळणाचे असतात. २०१४च्या सहकारी व समाजहित संस्थांच्या कायद्याखाली, फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीकडे त्यांची ‘कम्युनिटी बेनिफिट सोसायटी’ म्हणून नोंद होते. एक सभासद, एक मत. हजार पौंड घालणाऱ्याचं आणि नुसती सभासद वर्गणी भरणाऱ्या पेन्शनरचं मत सारखंच. नफा झाला तर तो वाटून घेता येत नाही, पुन्हा कामातच घालावा लागतो. ज्याच्या घरी साखर कारखान्याचा किंवा पतसंस्थेचा शेअर आहे, त्याला भागभांडवल, वार्षिक सभा, संचालकांची निवडणूक हे सगळं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. गट-तट कसे पडतात आणि ताळेबंद न वाचताच कसा मंजूर होतो, हेही त्याला ठाऊक असतं. हा अनुभव कामाचा आहे. नियमावली लिहितानाच दोन कलमं घालून घ्या: कुणीही पदाधिकारी ठरावीक वर्षांपेक्षा जास्त काळ त्याच पदावर राहणार नाही, आणि हिशेब सभेच्या निदान दोन आठवडे आधी प्रत्येक सभासदाच्या हाती पडेल.

दुखणं आधी कसं ओळखावं

बरी हा इंग्लंडमधला १८८५ सालचा क्लब. डिसेंबर २०१८ मध्ये तो एका पौंडाला विकला गेला आणि २७ ऑगस्ट २०१९ रोजी लीगमधून काढून टाकला गेला. मधे फक्त आठ महिने होते. एवढ्या वेळात संस्था काढून, नोंदणी करून, पैसे उभे करून, हिशेब समजून घेऊन क्लब वाचवणं जवळपास अशक्य असतं. म्हणून घर ठीकठाक दिसत असतानाच कागद वाचायला लागा.

इंग्लंडमध्ये हे सोपं आहे. कंपनीज हाउसच्या नोंदींत क्लबचा ताळेबंद, संचालकांची नावं आणि तारण ठेवलेल्या मालमत्तेची यादी कुणालाही फुकट बघता येते. भारतात कंपनी असलेल्या क्लबची कागदपत्रं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडं शुल्क भरून मिळतात. मुख्यतः चार गोष्टी बघा. ताळेबंद वेळेवर दाखल झालाय का? दरवर्षीचा तोटा कोण भरून काढतंय, आणि ते पैसे क्लबला शेअर म्हणून दिलेत की कर्ज म्हणून? कर्ज असेल तर तारण काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मैदान अजून क्लबच्याच नावावर आहे का? क्लब एका कंपनीत आणि मैदान मालकाच्या दुसऱ्याच कंपनीत गेलं असेल, तर तो दिवस मी पहिल्या सभेची तारीख ठरवायचा दिवस मानतो.

बाकी चिन्हं मैदानावरच दिसतात. खेळाडूंचा पगार उशिरा होणं, कर खात्याने न्यायालयात अर्ज करणं, पुढच्या हंगामाची तिकिटं अचानक लवकर आणि स्वस्तात काढणं, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी येणं. यातली दोन एकदम दिसली की थांबू नये.

पहिली सभा

जागा क्लबच्या मालकीची नको. शाळेचं सभागृह, चर्चचा हॉल, मंडळाचं कार्यालय चालेल. अध्यक्षस्थानी असा माणूस बसवा ज्याला सगळे ओळखतात पण जो कुठल्याच गटाचा नाही. निवृत्त मुख्याध्यापक किंवा कामगार संघटनेचा जुना पदाधिकारी हे काम उत्तम करतो. मालकाला निमंत्रण जरूर पाठवा, लेखी पाठवा, आणि तो आला तर त्याला बोलू द्या. पहिल्याच सभेत शिव्याशाप सुरू झाले तर ज्यांच्याकडे खरी माहिती असते, ते क्लबचे नोकर आणि जुने संचालक पुन्हा तोंड उघडत नाहीत.

सभा दीड तासाच्या वर लांबवू नका. क्लबची स्थिती जेवढी कागदावरून कळते तेवढीच सांगा. ऐकीव काही सांगू नका. मग ठराव मांडा: संस्था स्थापन करायची, उद्देश हे दोन, आणि नियमावली व नोंदणीसाठी ही हंगामी समिती. सूचक, अनुमोदक, हात वर, आकडा मोजून इतिवृत्तात. ही औपचारिकता काहींना कंटाळवाणी वाटेल. पण सहा महिन्यांनी मालकाच्या वकिलाने ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं, की दाखवायला हाच कागद असतो.

समितीत सात ते नऊ जण पुरेत. त्यात एक हिशेबनीस, एक कायद्याचा जाणकार, एक लिहिता-बोलता माणूस हवाच. स्टँडमध्ये उभ्या राहणाऱ्या, वर्षानुवर्षं परगावच्या सामन्यांना जाणाऱ्या जुन्या मंडळींपैकी निदान दोघं हवेत, नाहीतर संस्था कोट-टायवाल्यांची म्हणून ओळखली जाते. आणि बायका हव्यात. सामन्याला येणाऱ्या बायकांची संख्या स्टँडमध्ये दिसते, पण समितीची यादी वाचली की त्यांच्यातलं एकही नाव सापडत नाही, असं फार वेळा घडतं.

आता पैशाकडे येऊ, कारण पहिल्या सभेच्या दारातच लोक विचारतात, ‘कुठं टाकू?’ सामन्याच्या दिवशी बादल्या घेऊन उभं राहायचं असेल तर क्लबच्या आवारात क्लबची आणि रस्त्यावर स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते, ती आधी काढा. बादलीला झाकण हवं, झाकणाला सील हवं आणि सीलवर क्रमांक हवा. कुणाला कुठल्या क्रमांकाची बादली दिली ते वहीत लिहायचं. सामना संपला की सगळ्या बादल्या एकाच खोलीत, एकाच टेबलावर. सील फोडताना दोघं हजर, मोजणारे दोघं, आणि ते एकाच घरातले नकोत. नोटा, नाणी वेगळी मोजून प्रत्येक बादलीसमोर आकडा लिहायचा, खाली दोघांच्या सह्या. त्या रकमेतून चहाचेसुद्धा पैसे काढायचे नाहीत, सगळी रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत. संध्याकाळी आकडा जाहीर करायचा, सुट्या पैशांसकट. महाराष्ट्रात हेच काम पावतीपुस्तकाने होतं. क्रमांकित पुस्तकं, कुणाला कुठलं दिलं त्याची नोंद, आणि अर्धवट वापरलेलं पुस्तकही परत घेणं. क्यूआर कोड लावायचा तर तो संस्थेच्या खात्याचा. संस्था नोंदवली जाईपर्यंत घाईत कुणा कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्यावर वर्गणी घेऊ नका, तो कितीही सज्जन असला तरी. बदनामी झाली की सज्जन माणूसच आधी मोडतो.

पैसे देताना हात आखडता, लेखणी मोकळी

क्लबला देणगी देऊ नका. हे वाक्य कठोर वाटेल, पण ट्रस्टच्या तीस वर्षांच्या इतिहासातून मी काढलेला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे. कर्जात बुडालेल्या क्लबच्या खात्यावर टाकलेला पैसा त्याच संध्याकाळी कुणातरी धनकोकडे जातो आणि पाठीराख्यांच्या हाती काहीच उरत नाही. त्याऐवजी शेअर घ्या, तारणावर कर्ज द्या, किंवा एखादं ठरावीक बिल थेट भरा: संघाच्या बसचं भाडं, मैदानावरच्या गवताची निगा, मुलांच्या संघाचे कपडे. प्रत्येक रकमेसोबत एक कागद हवा.

आणि नुसता शेअरही पुरत नाही. स्वॉन्सीचं उदाहरण प्रत्येक समितीने पाठ करावं. २००१-०२च्या संकटात तिथं ट्रस्ट निघाला, त्याने क्लब वाचवायला मदत केली आणि सुमारे २१ टक्के भाग मिळवला. क्लब २०११ मध्ये प्रीमियर लीगमध्ये गेला, २०१३ मध्ये लीग कप जिंकला. पाठीराख्यांच्या भागीदारीचा आदर्श म्हणून सगळे त्यांच्याकडे बोट दाखवत. मग २०१६ मध्ये इतर भागधारकांनी आपले शेअर अमेरिकी गुंतवणूकदारांना विकले आणि ट्रस्ट त्या व्यवहाराच्या बाहेर राहिला. वाद वर्षानुवर्षं चालला, २०२२ मध्ये तडजोड झाली. २१ टक्के हा आकडा छातीठोक सांगता येतो, पण बहुमत दुसऱ्याकडे असेल तर त्याने काहीच अडवता येत नाही. म्हणून भागधारकांच्या करारात हे लिहून घ्यायचं: इतरांनी शेअर विकले तर त्याच भावाने ट्रस्टलाही विकता येतील, मैदान, नाव, रंग आणि बोधचिन्ह ट्रस्टच्या संमतीशिवाय बदलता येणार नाहीत, मंडळावर ट्रस्टचा एक सदस्य कायम असेल आणि त्याला सगळी कागदपत्रं मिळतील. असा करार मिळत असेल तर पाच टक्क्यांवरही समाधान माना.

नॉट्स काउंटीचा प्रसंग याहून दुःखद. १८६२ सालचा हा क्लब. २००९ मध्ये मंटो फायनान्स नावाच्या कंपनीने मोठमोठी स्वप्नं दाखवली, स्वेन-गोरान एरिक्सन यांच्यासारखा माणूस फुटबॉल संचालक म्हणून आणला, आणि ट्रस्टच्या सभासदांनी आपला ताबा सोडून दिला. आश्वासनांमागे पैसा नव्हताच. त्याच वर्षीच्या डिसेंबरात क्लब एका पौंडाला पुन्हा विकला गेला. विकणं म्हणजे पाप नाही. पण घेणाऱ्याच्या बँकेचं पत्र, त्याच्या मागच्या धंद्यांचा इतिहास आणि खरा मालक कोण याचा पुरावा मतदानाच्या आधी सभासदांपुढे ठेवा. रेक्समच्या सभासदांना घेणारे कोण, ते किती घालणार आणि त्यांचा हेतू काय हे उघडपणे माहीत होतं. मतदान झालं तेव्हा जवळपास ९९ टक्के मतं बाजूने पडली.

पोर्ट्समथची गोष्ट मोठ्या क्लबांना आशा देणारी आहे. २००८ मध्ये एफए कप जिंकलेला हा क्लब २०१० आणि २०१२ मध्ये दोनदा दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला. एप्रिल २०१३ मध्ये पाठीराख्यांच्या ट्रस्टने तो घेतला. दोन हजारांहून अधिक लोकांनी हजार हजार पौंडांचे शेअर घेतले होते, आणि ज्यांना एवढे झेपत नव्हते त्यांनी गट करून. ‘आधी वचन, मग पैसे’ ही तिथली रीत घ्यावी: लोकांकडून लेखी वचन आणि लहानशी आगाऊ रक्कम घ्यायची, ती वेगळ्या खात्यात ठेवायची, आणि व्यवहार फिसकटला तर परत द्यायची. पुढल्या चार वर्षांत त्यांनी जुनी देणी फेडली, चौथ्या श्रेणीचं जेतेपद मिळवलं आणि २०१७ मध्ये सभासदांच्या कौलाने क्लब मायकल आयझनर यांच्या कंपनीला विकला. ट्रस्टने एवढंच केलं असतं तरी मला ते पुरेसं वाटलं असतं.

सगळ्यांना विकावं लागत नाही. एक्सटर सिटी २००३ मध्ये लीगमधून खाली घसरला तेव्हापासून तो ट्रस्टच्या ताब्यात आहे. जानेवारी २००५ मध्ये एफए कपात त्यांनी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला गोलशून्य बरोबरीत रोखलं. त्या सामन्याच्या आणि पुन्हा झालेल्या लढतीच्या कमाईतून जुनी देणी फेडायला मोठा हात लागला. हे नशीब म्हणता येईल, पण आलेला पैसा नव्या खेळाडूंवर उधळला नाही, ते नशीब नव्हतं. २००८ मध्ये क्लब लीगमध्ये परतला. त्यांनी भर दिला तो आपल्या अकादमीवर. ऑली वॉटकिन्स तिथूनच वर आला. श्रीमंत मालकांच्या क्लबांएवढे पगार असा क्लब देऊ शकत नाही आणि काही हंगाम त्यामुळे जड जातात. पाठीराख्यांना हे आधीच सांगावं लागतं.

मैदान

क्लबचं नाव पुन्हा उभं करता येतं, गेलेलं मैदान परत मिळवायला पिढी जाते. विम्बल्डनच्या लोकांना विचारा. मे २००२ मध्ये तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी त्यांचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी दिली. पाठीराख्यांनी काही आठवड्यांत एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब काढला, विम्बल्डन कॉमनच्या गवतावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि नवव्या श्रेणीतून सुरुवात केली. २०११ मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये पोचले. पण आपल्या मूळ भागात, प्लो लेनवर, स्वतःच्या मैदानात खेळायला त्यांना नोव्हेंबर २०२० उजाडला. त्या मैदानासाठी शेवटी पाठीराख्यांनीच रोखे घेऊन ५० लाख पौंडांहून अधिक उभे केले.

इंग्लंडमधल्या ट्रस्टने पहिल्या वर्षात करायचं काम म्हणजे २०११च्या लोकॅलिझम ॲक्टखाली मैदानाची ‘समाजाच्या मोलाची मालमत्ता’ म्हणून कौन्सिलकडे नोंद. अर्ज फुकट असतो. नोंद झाली की मालकाला मैदान विकायच्या आधी कळवावं लागतं, आणि ट्रस्टने रस दाखवला तर बोली लावायला सहा महिन्यांची सवड मिळते. विक्री कायमची थांबत नाही, पण सहा महिन्यांत पुष्कळ होतं. त्याशिवाय जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्टने वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांसाठी स्वतंत्र नियामक नेमला आहे. मैदान विकणं, बोधचिन्ह आणि रंग बदलणं याबाबत क्लबांवर आता बंधनं आहेत, चाहत्यांशी सल्लामसलत करणं बंधनकारक आहे. पण सल्लामसलतीच्या टेबलावर चाहत्यांच्या वतीने बसायला कुणीतरी लागतं. नोंदणीकृत, निवडणुका घेणारी, सभासदांची यादी दाखवू शकणारी संस्था असेल तर ती खुर्ची तिची.

आपल्याकडे

भारतात क्लब बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा पाठीराख्यांना ते वर्तमानपत्रातून कळतं. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये संपला. पुणे एफसी काही वर्षांत दिसेनासा झाला. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांनी आय-लीग सोडली. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. बालेवाडीत आरडाओरडा करून घसा बसवणाऱ्या पोरांना कुणी एका शब्दानेही विचारलं नाही. विचारणार तरी कुणाला? त्यांची संस्थाच नव्हती.

फ्रँचायझी विकत घेणं इथं पाठीराख्यांच्या आवाक्यातलं नाही, त्या मागे लागू नये. दोन गोष्टी मात्र होण्यासारख्या आहेत. क्लब चालू असताना नोंदणीकृत संस्थेमार्फत मुलांचे, मुलींचे संघ चालवणं, म्हणजे मुख्य क्लब गेला तरी मुलं, प्रशिक्षक आणि नाव शिल्लक राहतं. आणि क्लब गेलाच तर विम्बल्डनच्या वाटेने जिल्हा लीगच्या तळातून स्वतःचा संघ काढणं. केरळात त्रावणकोर रॉयल्स हा क्लब चाहत्यांच्या मालकीचा म्हणूनच उभा राहिला.

कोल्हापूरकरांना यातलं निम्मं काम आधीच झालेलं आहे. शाहू स्टेडियमवर उतरणारा संघ तालमीचा, पेठेचा असतो, त्याला बाहेरचा धनी नसतो. तिथं वाढवायची ती सभासदांची वही. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेले, लग्न होऊन दुसऱ्या पेठेत गेलेल्या, सगळ्यांना वार्षिक वर्गणी भरून मत देता आलं पाहिजे. एखाद्या वर्षी प्रायोजक हटला तर तीच वही कामाला येते.

नोंदणीचे पर्याय तीन. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं पुरतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. सहकारी संस्थेत एक सभासद-एक मत कायद्यातच आहे, पण निबंधकाकडची कामं जास्त. तिसरा पर्याय कलम ८ची कंपनी, जी मोठा पैसा हाताळायचा असेल तर बरी. छोट्या क्लबाला मी पहिला पर्याय सुचवेन, मतदानाचा नियम स्वतः नियमावलीत घालून. मात्र समिती बदलली की बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो नव्वद दिवसांत दाखल करा. तो राहून गेला म्हणजे वारलेल्या विश्वस्तांची नावं वर्षानुवर्षं दप्तरी राहतात आणि बँक सह्या बदलून देत नाही.

परदेशातल्या मराठी पाठीराख्यांकडून वर्गणी घेताना एक काळजी. भारतीय पासपोर्टवर असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून, रीतसर बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची, ओसीआय कार्ड असलं तरी, परकीय देणगीच ठरते आणि त्यासाठी एफसीआरए नोंदणी लागते. लंडनच्या मित्राने प्रेमाने पाठवलेल्या शंभर पौंडांमुळे संस्था अडचणीत येऊ शकते. म्हणून वर्गणीच्या अर्जावर नागरिकत्वाचा रकाना ठेवा.

पुढची पाच वर्षं

नोंदणीनंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी ट्रस्ट सुस्तावतात. संकट टळलेलं असतं, तेच पाच जण सगळं ओढत असतात आणि एक दिवस त्यातले दोघं थकून बाजूला होतात. यावर उपाय म्हणजे कामाचे लहान तुकडे करणं. सभासद नोंदणी एकाकडे, मुलांचे संघ दुसऱ्याकडे, क्लबशी बोलणी तिसऱ्याकडे. दरवर्षी समितीत निदान एक तिशीखालचा चेहरा हवा. मतभेद होतातच. बरीमध्ये पाठीराखे दोन संस्थांत विभागले गेले होते. त्यांना एकत्र आणायच्या ठरावाला पहिल्या मतदानात एका संस्थेत लागणारं बहुमत मिळालं नाही. त्यांनी पुन्हा चर्चा केली, अटी बदलल्या आणि २०२३ मध्ये पुन्हा मतदान घेऊन एकी केली. पहिल्या मतदानाचा निकाल कुणी डावलला नाही, म्हणून दुसरा निकाल सगळ्यांनी मानला.

इंग्लंडात राहणाऱ्या वाचकांनी आपल्या गावच्या क्लबचा ट्रस्ट आहे का हे या आठवड्यातच शोधावं. बहुतेक ठिकाणी तो असतो आणि त्याला हिशेबाची, कायद्याची, संगणकाची जाण असलेली माणसं हवी असतात. सभासद व्हा, पुढच्या वार्षिक सभेची तारीख विचारा आणि ताळेबंदाची प्रत आधी मागून घ्या. सभेत तीन प्रश्न विचारायचे: संस्थेच्या खात्यावर आज शिल्लक किती, क्लबला दिलेलं कर्ज किती आणि कशाच्या तारणावर, आणि क्लबशी झालेल्या कराराची मूळ प्रत कुणाच्या ताब्यात आहे. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर येत नसेल, तर समितीच्या पुढच्या निवडणुकीत स्वतःचं नाव द्या.